आडलय आणि सातवीचे गणित

परवा संध्याकाळी एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा सातवीत, तीन वर्षे माझ्याकडे तबला शिकतो. हात गोड आणि लयीला पक्का. बाईंच्या हातात त्याची गणिताची वही होती. "काका, तबला आता बंद करावा म्हणते," त्या म्हणाल्या, "तो वेळ शिकवणीला देऊ. अपूर्णांकच येत नाहीत त्याला." मुलगा खाली मान घालून उभा होता.

मी वही उघडली. अर्धा अधिक एक-तृतीयांश, उत्तर दोन-पंचमांश. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. शेजारी लाल फुली. याच मुलाने आदल्या तासाला त्रितालाची दुगुन, तिगुन, चौगुन हातावर टाळी देत न चुकता म्हटली होती. मात्रेचे दोन, तीन, चार समान भाग ज्याच्या हातात आहेत, त्याची वहीत अशी गत का व्हावी? आणि अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहूनही कमी आले, याचे त्याला नवल कसे वाटले नाही?

त्याला विचारले, "पाऊण म्हणजे किती?" त्याला ठाऊक नव्हते. "थ्री बाय फोर" मात्र ठाऊक होते. मला वाटते, रोग इथेच आहे. "थ्री बाय फोर" म्हणताना मुलाला दोन आकडे दिसतात. "पाऊण" म्हणताना एकच परिमाण दिसते, अर्ध्याच्या पुढचे आणि एकाच्या अलीकडचे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी ऐंशीच्या घरातले कोणी असेल, त्यांनी सहज विचारून पाहावे. सात पाऊण किती म्हटले की सव्वापाच हे उत्तर विचार न करता येईल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही त्या पिढीची शिदोरी होती. रुपयाचे सोळा आणे होते तोवर तिची बाजारातही गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि शिदोरीची गाठ हळूहळू सुटली.

पण नुसत्या पाठांतराचे गोडवे मला गायचे नाहीत. पाऊणकी घडाघडा म्हणणाऱ्यांनाही एक-तृतीयांश आले की घाम फुटे, कारण त्याचा पाढा नव्हता. आणि मी स्वतः कुठे शहाणा होतो?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पखवाजी. इथल्या दरबारच्या कलावंत कारखान्यात त्यांचे नाव चढले ते १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी. तीन वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. मी सातवीत असताना बाराला दीडने भागायचे एक उदाहरण आले. शाळेत सांगितले होते, भाजक उलटा करा आणि गुणा. का, ते सांगितले नव्हते. मी उलटा करायचे विसरलो आणि उत्तर लिहिले अठरा.

अण्णांची शाळा चौथीपर्यंतची. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "चौताल बारा मात्रांचा. दीडपट लयीत म्हटलास तर अठरा मात्रा लागतील होय रे? धावणारा माणूस चालणाऱ्याच्या मागून पोहोचतो का?" मग त्यांनी हातावर चौताल धरला आणि मला आडलयीत, म्हणजे दोन मात्रांत तीन बोल या हिशेबाने, ठेका म्हणायला लावला. समेपासून सुरू केला तर बारा बोल आठ मात्रांतच संपले. "मग समेवर यायला कुठून उचलायचे?" पाचव्या मात्रेवरून. वेग दीडपट झाला की वेळ दोन-तृतीयांश होतो. भाजक उलटा का करायचा, ते मला त्या ओसरीवर कळले. त्याला व्यस्त प्रमाण म्हणतात, हे पुस्तकात नंतर भेटले.

सहावी ते आठवीच्या गणिताची यादी लांबलचक दिसते: अपूर्णांक, दशांश, लसावि, गुणोत्तर, शेकडेवारी, ऋण संख्या, सोपी समीकरणे. पण नीट पाहिले तर तिच्यातल्या बऱ्याच गोष्टींचे मागणे एकच आहे. मुलाने दोन परिमाणांमधले नाते ओळखावे आणि उत्तर साधारण कुठे पडेल हे आधी सांगावे. तबलजीचे काम तरी दुसरे काय? सम कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते.

मी बाईंना म्हटले, "महिनाभर थांबा. माझ्याच तासातली पंधरा मिनिटे वहीला देतो."

पहिल्या दिवशी एका मात्रेचे सहा भाग केले. अर्ध्या मात्रेला तीन लागले, एक-तृतीयांशाला दोन. सहापैकी पाच झाले. मुलगा म्हणाला, "म्हणजे छेद सहा करतात तो याच्यासाठी?" मग दोघांनी टाळ्या धरल्या, त्याचा झपताल दहा मात्रांचा, माझा त्रिताल सोळाचा. दोन्ही समा पुन्हा एकत्र कधी येतील? तो म्हणाला, एकशे साठाव्या मात्रेनंतर. प्रत्यक्षात ऐंशी झाल्यावरच आल्या. त्याची आठ आवर्तने, माझी पाच. लसावि तो त्या दिवशी कानाने शिकला.

शेवटी तिहाई घेतली. समेपासून उचलायची, एकच तुकडा तीनदा, मध्ये एकेका मात्रेचे दोन दम, आणि शेवटचा ठोका पुढच्या समेवर. त्रितालात एकूण सतरा मात्रा भरायच्या. दमाच्या दोन वजा केल्या की उरल्या पंधरा. तुकडा पाच मात्रांचा. झपतालात तीनचा, रूपकात दोनचा. एकतालात मात्र तेरातून दोन गेल्यावर अकरा उरतात आणि तिघांत वाटले जात नाहीत. मुलगा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दम दोन-दोन मात्रांचे घेतले तर?" नऊ उरल्या, तुकडा तीनचा झाला. वहीत हेच समीकरण असते. अज्ञाताला तिथे क्ष म्हणतात, इतकेच.

संगीताने गणित आपोआप येते, असा माझा दावा नाही. उत्तम तबला वाजवणारी आणि गणितात गटांगळ्या खाणारी मुले मी पाहिली आहेत. मघाचा मुलगा त्यांतलाच. हातातले वहीत उतरवायला कोणीतरी बसावे लागते. आमच्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांच्या हातून गायनशाळा सुरू झाली आणि १९०६ पासून सयाजीराव महाराजांनी राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. दोन्ही देणग्या एकाच राजाच्या कारकिर्दीतल्या. त्यांच्यामध्ये भिंत घातली ती आपण.

महिना संपला. बाई पुन्हा आल्या, वही घेऊन. चाचणीत फार मोठी मजल नव्हती. पण एका उदाहरणावर, बाईंनी फुली मारायच्या आधीच, मुलाने स्वतः रेघ ओढली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते: "समेवर येत नाही." खाली त्याने ते पुन्हा केले होते, आणि ते बरोबर होते.

शिकवणी त्यांनी लावलीच. आईची काळजी मला समजते. तबला मात्र रविवारचा राहिला आहे.