काकवीचा दाटपणा कसा मोजतात?

कुरुंदवाडच्या आसपास, कृष्णा-पंचगंगेच्या काठाने, उसाचा रस अनेक रूपांत भेटतो: पातळ रस, काहिलीतला उकळता पाक, काकवी आणि कारखान्यातली मळी. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळते का पाहतो आणि काहील उतरवायची वेळ ठरवतो. ही पारख खरी आहे, पण ती त्याच्या बोटांतच राहते. दुसऱ्या आधणाशी ताडून पाहायची, तर आकडा हवा. तो प्रयोगशाळेत मिळतो.

श्यानता म्हणजे काय?

वाहताना द्रवाचे थर एकमेकांना अडवतात. हा विरोध म्हणजे श्यानता. तिचा जडपणाशी संबंध असतोच असे नाही. खाद्यतेल पाण्यावर तरंगते, तरी पाण्याहून कितीतरी सावकाश वाहते. श्यानता सेंटिपॉइजमध्ये मोजतात. हे नाव प्वाझय या फ्रेंच वैद्यक-संशोधकावरून आले. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते.

पातळ द्रवासाठी: ओस्टवाल्ड नळी

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांतली ही इंग्रजी यू आकाराची काचेची नळी. तिच्या एका बाजूला फुगा, त्याच्या वर-खाली दोन खुणा आणि खाली केसासारखी बारीक वाट.

१. नळी धुऊन पूर्ण वाळवा आणि पाण्याच्या टाकीत सरळ उभी धरा.
२. पिपेटने ठरावीक द्रव घाला आणि तापमान स्थिर होऊ द्या.
३. द्रव वरच्या खुणेच्या वर ओढून सोडा. दोन खुणांमधला वेळ स्टॉपवॉचवर घ्या. बुडबुडा दिसला, तर ते वाचन सोडून द्या.
४. तेवढेच पाणी घेऊन पुन्हा मोजा.

उदाहरणार्थ, ३० अंशांना पाण्याला ६० सेकंद लागले आणि साखरेच्या २० टक्के द्रावणाला १०३. द्रावणाची घनता १.०८, पाण्याची जवळपास १. वेळांचे गुणोत्तर गुणिले घनतांचे गुणोत्तर येते सुमारे १.८५. पाण्याच्या ०.८० सेंटिपॉइजने गुणले की उत्तर सुमारे १.५.

दाट द्रवासाठी

काकवी या बारीक वाटेतून उतरणारच नाही. ग्लिसरीनसारख्या दाट पण पारदर्शक द्रवात पोलादी गोळी सोडून तिचा स्थिर वेग मोजतात. त्यामागचा नियम स्टोक्सने १८५१ मध्ये मांडला. काकवीत किंवा मळीत मात्र गोळी दिसतच नाही. तिथे फिरत्या दांड्याचा व्हिस्कोमीटर लागतो: दांडा ठरावीक वेगाने फिरवायला किती जोर पडतो, त्यावरून श्यानता कळते.

तापमान लिहिले नाही, तर आकडा वाया

२० अंशांना साखरेच्या २० टक्के द्रावणाची श्यानता सुमारे २ सेंटिपॉइज, ४० टक्क्यांची ६ आणि ६० टक्क्यांची तब्बल ५८. तेच ६० टक्के द्रावण ६० अंशांपर्यंत तापवले, की सुमारे १० वर येते. पाण्याचीही श्यानता खोलीच्या तापमानाला दर अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी घटते. म्हणजे डिसेंबरच्या सकाळचे आणि एप्रिलच्या दुपारचे वाचन जुळणार नाही, आणि त्यात द्रवाचा काही दोष नसतो.

याचा उपयोग काय?

साखर कारखान्यात पाक फार दाट झाला, तर दाणा सावकाश वाढतो आणि यंत्रात मळी दाण्यापासून नीट सुटत नाही. म्हणून तो बेताने गरम करतात. मळीत अडकलेली साखर शेवटी शेतकऱ्याच्याच घामाची असते. म्हणूनच ऊसपट्ट्यातल्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केवळ गुणांसाठी करू नये. वहीत श्यानतेशेजारी ब्रिक्स (द्रावणातले साखरेचे टक्के) आणि तापमान लिहिण्याची सवय लागली, तर तोच आकडा उद्या कारखान्यात आणि गुऱ्हाळावर कामी येईल.