जुन्या बोटीच्या इंजिनात कार्बन का साचतो? आणि त्यात आपला धंदा कुठं आहे?

कोल्हापुरात समुद्र नाही, मग हा गडी बोटीच्या इंजिनावर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. पण आंबा घाट उतरून पुढं गेलं की रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. खाली देवगड, मालवण. तिथल्या मासेमारी नौकांत जुनी डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. आणि इंजिनाचे पार्ट, इंजिनाचं काम म्हटलं की आपलं उद्यमनगर. म्हणूनच माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक घाटाखाली पोचलं.

आधी माझी चूक सांगतो. दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. एका नौकामालक काकांनी विचारलं, "डिझेल फार जातंय, काय करू?" मी बीबीए शिकलेला. खर्च कमी करायचा एवढंच डोक्यात. म्हटलं, "काका, आरपीएम कमी ठेवा, इंजिन निवांत राहील." त्यांनी ऐकलं. जाळं टाकल्यावर तासन्‌तास इंजिन आयडलवर, जाता-येता पण हळू. ऐन हंगामात इंजिनाची ताकद गेली, ब्रीदरमधून धूर यायला लागला. हेड उतरवलं तर पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर कार्बनचा थर. बारा दिवस नौका धक्क्याला आणि खलाशी बसून. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून केलं रे." ते अजून कानात आहे. त्यानंतर मी मिस्त्री लोकांच्या शेजारी बसून हा विषय शिकलो.

कार्बन होतो कशानं?

गुऱ्हाळाचं चुलवाण आठवा. चिपाड वाळलेलं असेल, हवा नीट लागत असेल तर जाळ लख्ख. चिपाड ओलं किंवा वारं कोंडलेलं असेल तर नुसता धूर आणि काजळी. इंजिनातही तेच. डिझेल पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि बारीक फवारा. यातलं एक जरी कमी पडलं तर अर्धवट जळालेलं डिझेल आणि ऑइल काळा, कडक थर बनून नोझलच्या टोकावर, रिंगांच्या खाचेत, व्हॉल्व्हवर आणि एक्झॉस्टमध्ये बसतं.

हळू चालवण्यात माझी चूक हीच होती. कमी लोडवर सिलेंडर पुरेसा तापत नाही. रिंगांच्या मागं गॅसचा दाब कमी, म्हणून त्या लायनरला घट्ट बसत नाहीत. ऑइल वर चढतं, जळतं आणि चिकटतं. एकदा रिंग अडकली की गॅस खाली क्रँककेसमध्ये जातो, कॉम्प्रेशन घटतं, जळणं आणखी बिघडतं, आणि कार्बन आणखी वाढतो.

थांबवायचं कसं?

१. आयडल कमी करा. सुरू केल्यावर ऑइल प्रेशर आलं की दोन-चार मिनिटांत हलक्या लोडवर निघायचं. बर्फ किंवा डिझेल भरताना इंजिन उगाच चालू नको. केबिनच्या दिव्यासाठी ते चालवावं लागत असेल तर वेगळी बॅटरी स्वस्त पडते.

२. रोज थोडं राबवा. दिवसभर हळू चाललं असेल तर बंदराकडं परतताना अर्धा तास साधारण ७५ ते ८० टक्के लोडवर चालवायचं. लोड हळूहळू वाढवायचा. कूलिंग आणि ऑइल आधी बघायचं. पण ज्या इंजिनात आधीच भरपूर कार्बन आहे, त्याला एकदम पळवू नका. सुटलेले तुकडे व्हॉल्व्ह आणि टर्बोला इजा करतात. आधी तपासणी, मग पळवणी.

३. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. "गरम होतंय, काढून टाक" ही आपल्याकडची जुनी सवय. गोड्या पाण्याच्या सर्किटचं इंजिन साधारण ७५ ते ८५ अंशांवर चालावं लागतं. कायम थंड चाललं तर काजळी ठरलेली. गरम होण्याचं कारण शोधा: इम्पेलर, हीट एक्सचेंजर, पाण्याचा पंप.

४. हवा मोकळी ठेवा. एक लिटर डिझेल जाळायला सुमारे १० घनमीटर हवा लागते. इंजिन रूमची झडप जाळी-दोरखंडानं झाकली असेल तर नवा फिल्टर घालून उपयोग नाही. एक्झॉस्ट बेंड आणि सायलेन्सरही आतून बघा. मागून कोंडलं की पुढून हवा येत नाही.

५. नोझल टेस्टरवर तपासा. प्रेशर आणि फवारा, दोन्ही. थेंब टपकत असेल तर नोझल गेलं. बसवताना जुना तांब्याचा वॉशर आत राहिला नाही ना, ते बघा. टॅपेट आणि टायमिंग कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं.

६. पंखा तपासा. मोठा प्रोपेलर म्हणजे कायमचा जास्त लोड. समजा इंजिन २००० आरपीएमचं आहे आणि भरलेल्या नौकेत फुल थ्रॉटलला १७०० वर अडतं, वर काळा धूर. दुखणं पंख्यात असू शकतं. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले तरी हेच होतं. म्हणजे हळू चालवणं जसं वाईट, तसं जास्त ओढायला लावणंही वाईट.

धुराचा रंग लक्षात ठेवा. काळा म्हणजे डिझेलला हवा कमी किंवा लोड जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर कच्चं डिझेल किंवा आत पाणी.

आता धंद्याचं

महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी साधारण १ जून ते ३१ जुलै असते, म्हणजे ६१ दिवस. नौका किनाऱ्यावर, मालक मोकळा. हेड उतरवायचं काम तेव्हाच. पण गॅस्केट, रिंग, नोझलचा साठा मेमध्येच हवा. जूनमध्ये ऑर्डर देणारा दुकानदार ऑगस्टमध्ये शिव्या खातो.

दुसरं, प्रत्येक इंजिनाची वही ठेवा. चाललेले तास, ऑइल कधी बदललं, ऑइल किती खातं, धुराचा रंग. पुढच्या हंगामात त्या वहीवरून तुम्हीच फोन करू शकता.

तिसरं, बाटलीतलं औषध जादू म्हणून विकू नका. काही क्लिनर नोझल साफ ठेवायला मदत करतात, पण अडकलेली रिंग बाटलीनं सुटेल अशी हमी देऊ नका. आज पाचशे रुपये मिळतील, उद्या माणूस जाईल.

काका अजून माझ्याकडं येतात. त्या वेळी मी पार्टचे पैसे घेतले नाहीत आणि चूक माझी होती असं सरळ सांगितलं. त्यांच्यामुळं पुढं त्या धक्क्यावरची आणखी गिऱ्हाइकं मिळाली.

या आठवड्याचा होमवर्क: जवळच्या एखाद्या डिझेल इंजिनापाशी जा. शेतातलं असलं तरी चालेल. सुरू करताना, तापल्यावर आणि लोडवर, तिन्ही वेळचा धूर बघा आणि वहीत लिहा. बघायला शिकलात की विकायला आपोआप शिकाल. भेटू पुढच्या व्हिडिओत!