बालपरवेशी : आरमारी चाकरांच्या मागें राहिलेल्यांची तरतूद

आमच्या नंदुरबारकडे समुद्र नाहीं. प्रकाशें येथील तापीचें पाणी तेवढें पुढें सुरतेखालीं समुद्रास मिळतें. त्यामुळें आरमारी हिशेबाचा एखादा मोडी कागद हातीं आला असतां त्याचें मोल आम्हां इकडील संग्राहकांस सहसा कळत नाहीं. अशा कागदांतील ‘बालपरवेशी’ या कलमाचा उलगडा येथें करीत आहों.

हा शब्द मिश्र आहे. पूर्वपद संस्कृत ‘बाल’. उत्तरपद फारसी ‘परवरिश’, म्हणजे पालनपोषण. ‘प्रवेश’ किंवा ‘परिवेष’ यांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. सरकारकामीं पडलेल्या मनुष्याच्या मुलांच्या पोषणार्थ जी नेमणूक होई ती बालपरवेशी.

तत्त्व मात्र पुष्कळ जुनें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पांचव्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायीं, कामावर मेलेल्यांच्या पुत्रांस व स्त्रियांस अन्न आणि वेतन मिळावें असें सांगितलें आहे. लगेच पुढें त्यांच्या घरचीं बालकें, वृद्ध व रोगी यांजवर अनुग्रह करावा असें म्हटलें आहे. पहिल्या विधानांत कर्तृपद कुटुंबाकडे आहे, दुसऱ्यांत राजाची कृपा आहे. हक्क कीं कृपा, हा भेद येथेंच सूचित झाला आहे. सभासदाच्या बखरींतही अफजलखानप्रसंगीं (१६५९) पडलेल्यांचे मुलगे चाकरींत चालविले, व ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमे वेतन करून दिलें, असा उल्लेख आहे.

आरमारी लोक सरकारचेच चाकर; सबब त्यांच्याही हिशेबांत हें कलम शोधिलें पाहिजे. उदाहरणार्थ, एप्रिल १७८३ मध्यें आनंदराव धुळपांच्या आरमाराची इंग्रजांच्या ‘रेंजर’ जहाजाशीं तुंबळ लढाई झाली. सालबाईचा तह होऊन गेला होता, तरी ती घडली. इंग्रजी इतिहासांत जनरल मॅक्लिऑड, कर्नल हंबरस्टन हीं नांवें आहेत. तांडेलाचें व खलाशाचें नांव कोठें असणार? असलें तर मयतांच्या यादींत. त्या लढाईच्या वेळचा सुहूर सन सलास समानीन मया व अलफ (११८३) होय. मृगानंतर दिलेल्या नेमणुकीवर अर्बा समानीन असेल. ‘कामास आला’, ‘ठार’, ‘सारंग’, ‘गुराब’, ‘गलबत’ या शब्दांकडे लक्ष असावें.

कृपेचा हक्क झाला तो बऱ्याच काळानें. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्यांत खलाशांसाठीं निराळें कलम होतें. मयताची रक्कम मालकानें परभारें विधवेस न देतां कमिशनरकडे भरावी असा नियम होता, जेणेंकरून अल्प रकमेवर तिची बोळवण होऊं नये. खलाशी मेला असतां दाव्याची मुदत मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर बातमी घरीं पोंचल्यापासून मोजावयाची होती. समुद्रावरील मृत्यूची वार्ता किती विलंबानें येते हें जाणणाऱ्यानेंच ही तरतूद लिहिली असली पाहिजे.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, सनदा व राजपत्रें ठेवून हिशेबी फर्द रद्दींत घालूं नयेत. सनदेंत सरदाराचें नांव असतें. खलाशाच्या विधवेचें नांव असलें तर त्या फर्दावरच असतें, आणि तो गेला कीं तिचा दुसरा पुरावा उरत नाहीं.