जुना ट्रॅक्टर आणि त्याच्यामागचे पाते

अमेरिकेच्या ओहायो, आयोवा, विस्कॉन्सिन या शेतीप्रधान संस्थानांत आजही अशी पुष्कळ घरे आढळतात, की ज्यांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा एखादा ट्रॅक्टर, तो वडिलोपार्जित मिळकतीतून आलेला असो वा हौसेने विकत घेतलेला असो, शोभेसाठी नव्हे तर कामासाठी उभा असतो. नांगरणीच्या जबाबदारीतून तो केव्हाच मोकळा झालेला असतो. परंतु घराभोवतालची जी पाच-दहा एकर जमीन पिकाखाली आणणे आता परवडत नाही आणि जी तशीच सोडली तर दोन-चार वर्षांत झुडपांच्या ताब्यात जाते, ती साफ राखण्याचे काम त्याच्याकडे येते. त्यासाठी त्याच्यामागे गवत कापणारे यंत्र, ज्याला तिकडे आणि आता आपल्याकडेही मोअर म्हणतात, जोडावे लागते. दुकानदार गिऱ्हाइकाला आधी रुंदी विचारतो आणि मग किंमत सांगतो. माझ्या मते सर्वांआधी खातरजमा करायची ती निराळ्याच गोष्टीची: हे यंत्र थांबते कसे?

उदाहरणादाखल फोर्ड कंपनीचा ‘८एन’ घेऊ. १९३८ साली हेन्री फोर्ड आणि आयर्लंडचा कल्पक यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन यांच्यात, कसलाही दस्तऐवज न करता, केवळ हातात हात देऊन करार झाला आणि त्यातून पुढल्या वर्षी ‘९एन’ हा ट्रॅक्टर जन्मास आला. पुढे फोर्ड कंपनी आणि फर्ग्युसन यांचे बिनसले, प्रकरण न्यायालयातही गेले, आणि १९४७ ते १९५२ या काळात फोर्डने फर्ग्युसनला वगळून ‘८एन’ बाजारात आणला, ज्याचे पाच लाखांहून अधिक नग विकले गेले. सुमारे २५ अश्वशक्तीच्या या ट्रॅक्टरात इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते आणि तेथे तिला दोन वाटा फुटतात: एक मागच्या चाकांकडे जाते, दुसरी पीटीओकडे, म्हणजे आपल्याकडचा शेतकरी ज्यावर रोटाव्हेटर चालवतो त्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांची चाल प्रमाण ठरलेल्या, पाठीमागच्या दांड्याकडे. या दोन्ही वाटा एकाच क्लचच्या पलीकडे असल्यामुळे क्लच दाबला की इंजिन तेवढे वेगळे पडते. चाके आणि पीटीओ मात्र गिअरच्या दातांनी एकमेकांशी बांधलेलीच राहतात.

हा बारकावा कागदावर किरकोळ वाटतो. परंतु त्या दांड्याला जेव्हा रोटरी कटर, म्हणजे जाड पोलादी पाती आडव्या पातळीत भरधाव फिरवून गवतासह बोटभर जाडीची झुडपेही तोडणारे यंत्र, जोडले जाते, तेव्हा तोच बारकावा जिवावर बेततो. पात्यांचे वजन मोठे, वेग प्रचंड. एकदा गती घेतल्यावर ती स्वतःच एक फ्लायव्हील होऊन बसतात. समोर कुंपण आले म्हणून चालकाने क्लच आणि ब्रेक दाबले, तरी पात्यांत साठलेली शक्ती दांड्यातून उलट गिअरबॉक्समध्ये शिरते आणि तेथून चाकांना पुढे ढकलते. उतारावर भरलेल्या गाडीने बैलांना रेटीत न्यावे तसा तो ट्रॅक्टर मालकाच्या इच्छेविरुद्ध कुंपणापर्यंत, नाल्यापर्यंत, प्रसंगी माणसापर्यंत जातो. अपघाताचे खापर बहुधा चालकाच्या बेसावधपणावर फोडले जाते; दोष खरे पाहता शक्तीच्या वाटणीतला असतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच. पीटीओच्या दांड्यावर बसणारा हा लहानसा तुकडा सायकलच्या फ्रीव्हीलच्याच तत्त्वावर चालतो: ट्रॅक्टरने पाते फिरवावे, पात्याने ट्रॅक्टर फिरवू नये. ‘एन’ मालिकेतील बऱ्याच ट्रॅक्टरांचा दांडा आजच्या प्रमाणित १ ३/८ इंचाऐवजी १ १/८ इंच जाडीचा असल्यामुळे जाडी वाढवणारा जोडही त्याच तुकड्यात मिळतो. मात्र त्याने जोडणी तीन-चार इंचांनी लांबते, आणि मोअरकडे जाणारा शाफ्ट तेवढा कापून आखूड करावा लागतो; हे न करता तो जबरदस्तीने बसवणारे महाभाग वळणावर शाफ्ट वाकवून घेतात. शिवाय या उपायाने धोका टळतो, गैरसोय टळत नाही. दाट गवतात थांबण्यासाठी क्लच दाबला की पात्यांची शक्ती तुटते आणि पुन्हा सुरुवात करताना इंजिन कुंथते. ही अडचण मुळातून काढणारी व्यवस्था, ज्यात चाके थांबली तरी पीटीओ स्वतंत्रपणे फिरत राहतो, १९४६ साली कॅनडातील कॉकशट कंपनीने आपल्या ‘३०’ या ट्रॅक्टरात आणली. तशी सोय असलेला जुना ट्रॅक्टर ज्याच्या पदरी आहे त्याला निवडीची बरीच मुभा मिळते. इतरांनी आपल्या ट्रॅक्टरची प्रकृती ओळखून पायरीने राहावे.

केवळ मागे ओढायच्या यंत्रांचे महत्त्व येथेच ध्यानात येते. ज्याला ट्रॅक्टरकडून ओढण्यापलीकडे काहीही नको, असे एक यंत्र म्हणजे स्वतःचे इंजिन असलेला मोअर. मिसूरीतील वॉरन्सबर्ग येथील स्विशर कंपनी अशा यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे. झुडपांसाठी ४४ इंची आणि हिरवळीसाठी ६० इंची हे त्यांतले परिचित प्रकार. ट्रॅक्टरच्या हुकात एक पिन घातली की जोडणी संपली. ट्रॅक्टर थांबला तरी पाती फिरत राहतात, पाती बंद केली तरी ट्रॅक्टर चालतो. एकाचा दुसऱ्यावर कोणताही अंमल नाही. ज्या ट्रॅक्टराला पीटीओच नाही, किंवा होता पण कधीचा मोडून पडला आहे, त्यालाही हे चालते. जुन्या यंत्रांच्या अभिमान्यांना मात्र एका इंजिनामागे दुसरे इंजिन ओढणे हा आपल्या ट्रॅक्टरचा पाणउतारा वाटतो. मला तो वाटत नाही. दुसऱ्या इंजिनाचे तेल, फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांची उस्तवार वाढते एवढाच आक्षेप मला रास्त दिसतो.

दुसरा प्रकार याहून जुना, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत डौलदार: जमिनीवर फिरणाऱ्या स्वतःच्या चाकांनीच पाती फिरवणारा, तीन, पाच वा सात दंडगोलांचा ताफा. दंडगोलावर गुंडाळलेल्या पात्यांनी खालच्या स्थिर पट्टीवर गवत कातरण्याची ही कल्पना १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने काढली, आणि पेनसिल्व्हेनियातील वर्दिंग्टन कंपनीने तिचे ताफे गोल्फच्या मैदानांवर नेले. ट्रॅक्टर थांबला की पाती थांबली. इंजिन नाही, शाफ्ट नाही, क्लच नाही. परंतु हे यंत्र लाडावलेले आहे. आठवड्याच्या आठवड्याला कापल्या जाणाऱ्या सपाट, बिनदगडी हिरवळीवर ते मखमल काढते. गुडघाभर गवत मात्र ते कापण्याऐवजी लोळवते, आणि एक खडा पात्यात सापडला की धार लावणाऱ्याची पायरी चढावी लागते.

चाऱ्यासाठी गवत अखंड कापायचे असेल तर दातेरी पट्ट्याचे यंत्र आजही योग्य होय. त्याचे हलके पाते मागेपुढे सरकते, शक्ती थोडी खाते आणि ट्रॅक्टराला ढकलण्याइतकी गती साठवीत नाही.

फार्मॉल ‘एच’ किंवा ‘एम’ यांसारख्या ट्रॅक्टरांचा विचार वेगळा करावा लागतो. हे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे, आणि त्या घराण्याचे नाते आपल्याकडेही पोहोचलेले आहे: १९६३ साली महिंद्र आणि महिंद्रने याच कंपनीशी भागीदारी करून भारतात ट्रॅक्टर बांधायला घेतले. यंत्र ट्रॅक्टरच्या पाठीवर उचलून धरणारी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी या फार्मॉलांना मुळात नाही. म्हणून दुकानांत सर्रास दिसणारा उचलून धरायचा मोअर त्यांना निरुपयोगी. त्यांना हवा तो स्वतःच्या चाकांवर चालणारा, पीटीओवर फिरणारा, ओढायचा कटर, ज्याची उंची हातरहाटाने वा हायड्रॉलिक सिलिंडरने बदलते. हाच प्रकार ‘८एन’लाही हितकर ठरतो, कारण त्या ट्रॅक्टरचे नाक हलके असते आणि पाठीवर वजनदार कटर उचलला की पुढची चाके जमीन सोडू पाहतात, सुकाणू हलके पडते. ओढायच्या यंत्राचा भार त्याच्याच चाकांवर राहतो. त्याची किंमत कोपऱ्यांत मोजावी लागते: मागे सरताना ते भलत्याच दिशेला वळते, आणि कुंपणाच्या कोनांतले गवत शेवटी विळ्याने काढावे लागते.

रुंदीचा हिशेब मी मुद्दाम मागे ठेवला. रोटरी कटरच्या प्रत्येक फुटाला पीटीओवर पाच अश्वशक्ती असावी, असा ढोबळ दंडक आहे; त्याप्रमाणे ‘८एन’ला पाच फुटी कटर ही कमाल मर्यादा. आता या ट्रॅक्टरची चाकांसह रुंदी सुमारे ६५ इंच भरते आणि पाच फूट म्हणजे ६० इंच, तेव्हा चाकांखाली दबलेली गवताची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना उभीच राहते. तेवढ्यासाठी सहा फुटी यंत्र घेण्याचा मोह अनेकांना होतो आणि वृद्ध इंजिनाला त्याचे फळ भोगावे लागते. पुढची फेरी वीतभर आत सरकवून मारली की ती पट्टी निघते. ज्याला हेही जाचक वाटेल त्याने चाकामागे एका बाजूस सरकवता येणारा हुक पाहावा.

जुना कटर जुन्या बाजारातून घेताना रंगाकडे पाहू नये. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे. पात्यांचे बोल्ट हाताने हलतात काय ते पाहावे, आणि पाती खडे शेकडो फूट फेकू शकत असल्यामुळे मागच्या साखळ्यांचा पडदा शाबूत आहे याची खात्री करावी. अडथळा लागताच घसरून गिअरबॉक्स वाचवणारा स्लिप क्लच वर्षानुवर्षे उघड्यावर राहून गंजाने एकजीव झालेला असतो. तो सोडवून, तबकड्या साफ करून पुन्हा आवळल्याखेरीज यंत्र जोडू नये. आणि ओढायच्या कटरसाठी पीटीओच्या टोकापासून हुकाच्या भोकापर्यंतचे आडवे अंतर ५४० फेऱ्यांच्या प्रमाणानुसार १४ इंच असावे लागते: ते कमी भरले तर वळताना शाफ्टच्या नळ्या एकमेकींत ठोकतात, फार जास्त भरले तर चढउतारावर त्या निसटून वेगळ्या होतात, आणि दोन्ही वेळा फिरता शाफ्ट चालकाच्या पाठीपासून हातभर अंतरावर असतो.