बटण, बिल्ला आणि पदक

पेण-रोह्याकडे एखाद्या जुन्या पेटीतून पितळी बटण निघालं, की ‘हे पणजोबांना शौर्याबद्दल मिळालं’ अशी समजूत करून घेणं सोपं असतं. पण लष्करी बटण हा गणवेशाचा भाग. पलटणीतल्या प्रत्येक शिपायाच्या अंगावर ते असे. युद्धवीराचा चेहरा छापलेली बटणं हा प्रकार निराळाच, आपण त्यांना बिल्ले म्हणतो. सेल्युलॉइडखाली छापील चित्र आणि मागे टाचणी, अशा बिल्ल्याचं पेटंट अमेरिकेत १८९६ साली झालं. दोनच वर्षांनी स्पेनशी युद्ध जुंपलं आणि नौसेनानी ड्यूई यांचे बिल्ले तिथे लोकांच्या छातीवर झळकले.

‘बटणावर मुकुट आहे म्हणजे शंभरी उलटलेली’, हेही खरं नाही. भारतीय लष्करातला ब्रिटिश मुकुट १९५० मध्ये गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुटाचं बटण दुसऱ्या महायुद्धातलंही असू शकतं.

आपल्या भागातल्या वीराची खरी खूण पदकावर शोधावी. रोह्याच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांचे सगळे साथीदार ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्बने ती मशीनगन बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पदकाच्या मागे पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीमागे वीराचं नाव कोरतात.

‘चांदीचं खरं, कांस्याचं खोटं’, ही समजूत मला सर्वांत जास्त बोचते. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल लढवय्यांना चांदीचं, तर कामगार तुकड्यांतल्या अनेकांना कांस्याचं दिलं गेलं. ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या माणसाची ती अस्सल खूण आहे. या पदकाच्या कडेवर नंबर, नाव, तुकडी बारीक अक्षरांत असते. भिंगातून वाचा, आणि चिंच किंवा पॉलिशने घासू नका. घासून घासून तेच नाव पुसट होतं.

‘घरचंच आहे, परदेशी गिऱ्हाइकाला पाठवू’, असंही करता येत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीने ती देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे.