फळाची आशा आणि मनाचे स्वास्थ्य

कुणी खचून बसले की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो : अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे त्रास होत नाही. सल्ला देणारा गीतेचे नाव घेतो आणि मोकळा होतो. ऐकणारा मान डोलावतो. पण घरी जाता जाता त्याच्या मनात येतंच, की अपेक्षा ठेवायची नाही तर पेरायचं तरी कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पदरचं बी मातीत टाकणारा माणूस पिकाची अपेक्षा धरूनच ते टाकतो. पोर वाचू लागेल म्हणूनच मास्तर घसा कोरडा करतात. तेव्हा गीता नेमकं काय सोडायला सांगते, ते जरा नीट पाहू या.

लोकमान्य टिळकांनी या विषयावर 'गीतारहस्य' हा मोठा ग्रंथच लिहिला. १९०८ साली शिक्षा होऊन त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तो पेन्सिलीने वह्यांवर उतरवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : फळाचा विचार करणे, त्यासाठी आखणी करणे, साधने जुळवणे हे कर्माचेच अंग आहे, ते सोडायचे नाही. सोडायची ती आसक्ती. म्हणजे हे फळ मलाच, अमुकच रूपात, अमुकच वेळी मिळालं पाहिजे, नाही तर माझं सगळं वाया गेलं, हा जो हट्ट, तो.

हे नुसते लिहिण्यापुरते नव्हते. १९१४ च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली, पण वह्या सरकारकडेच राहिल्या. त्या परत मिळतात की नाही, अशी भोवतालच्या मंडळींना धास्ती वाटू लागली. तेव्हा टिळक म्हणाल्याचे सांगतात की वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे. सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. आता पाहा, या बोलण्यात ग्रंथाविषयी बेपर्वाई कुठे आहे? ज्याला पर्वा नाही तो पुन्हा लिहायला कशाला बसेल!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात एक गमतीदार भागाकार मांडला आहे. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. माणसाला स्वतःची वाटणारी किंमत म्हणजे मिळालेलं यश भागिले धरलेली उमेद. वीस क्विंटल सोयाबीनची उमेद धरली आणि दहा झालं, तर उत्तर आलं अर्धं. आठाचीच धरली असती, तर त्याच दहा क्विंटलांचं उत्तर सव्वा! पीक तेच, माणूस तोच, पण एक तोंड पाडून बसतो आणि दुसरा पेढे वाटतो. जेम्स म्हणतात, उमेद खाली आणली तरी माणसाला हायसं वाटतं. ते खरंही आहे. पण सगळ्यांनीच उमेद खाली आणायची ठरवली, तर गावातली एक पोर डॉक्टर व्हायची नाही. गीतेची वाट तिसरी आहे. वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा, असं ती म्हणत नाही. या भागाकाराने स्वतःची किंमत मोजूच नका, असं तिचं सांगणं.

का मोजू नये, याचं उत्तर अठराव्या अध्यायात आहे, आणि ते अगदी हिशेबी आहे. कोणतंही कर्म तडीला जायला पाच कारणं लागतात : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे खटपटी, आणि पाचवं दैव. गीतेवरच्या टीकांमध्ये यांचा बारीक विचार आहे. आपण मात्र शेतावर लावून पाहू. जमीन हे अधिष्ठान, शेतकरी कर्ता, बैल, अवजारं, बियाणं ही साधनं, नांगरणीपासून मळणीपर्यंतच्या खटपटी, आणि पाचवा पाऊस. पाचांतला कर्ता एकच. पण पीक भरघोस आलं की आपण म्हणतो 'मी पिकवलं', आणि बुडालं की म्हणतो 'मी बुडालो'. दोन्ही वेळा बाकीची चार कारणं आपण हिशेबातून काढून टाकलेली असतात. पीक बुडालं की नुकसान होतंच, कर्ज उभं राहतंच. ते अध्यात्माने फिटत नाही. पण नुकसान पिकाचं झालं, आपल्या माणूसपणाचं नव्हे, एवढं ज्याला दिसतं तो दुसऱ्या दिवशी चार माणसांत येऊन बोलू शकतो. ज्याला दिसत नाही तो दार लावून एकटा बसतो. अशा एकट्या बसलेल्या माणसाकडे शेजाऱ्यांनी आपण होऊन जावं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

शिक्षकांचीही तीच गोष्ट. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत विनोबा म्हणतात की फळाची आशा सोडणाऱ्याचं काम ढिलं पडत नाही, उलट अधिक चांगलं होतं, कारण त्याचं सगळं लक्ष कामातच राहतं. निकालाच्या टक्क्यांकडे डोळा ठेवून शिकवणाऱ्या गुरुजींना मागच्या बाकावरचा मुलगा ओझं वाटू लागतो, हे आपण पाहतोच.

हे सगळ्यांत जड जातं ते घरच्या माणसांच्या बाबतीत. शेतात निदान आभाळ डोळ्यांना दिसतं. मुलगा पुण्याला नोकरीला असतो, वेळेवर खात्यात पैसे भरतो. आईला हवा असतो रविवारचा फोन. ती तसं सांगत नाही. त्याला आपणहून कळायला नको का, म्हणते. तो समजतो, आपण कर्तव्यात कमी नाही. मनातच ठेवलेली अपेक्षा म्हणजे दुसऱ्याने सही न केलेला करारनामा; आणि तो मोडला म्हणून आपण महिना महिना अबोला धरतो. त्यापेक्षा, 'बाळा, रविवारी फोन करीत जा रे,' असं सरळ सांगावं. सांगणं आपल्या हातचं, करणं त्याच्या. नवस बोलताना देवाशीही आपण असाच एकतर्फी करार करतो, पण तो विषय निराळा.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. 'फळाची आशा धरू नकोस' हे वाक्य धन्याने मजुराला, सासूने सुनेला किंवा सावकाराने कुळाला ऐकवायचं नव्हे. ते ज्याने त्याने स्वतःलाच सांगायचं असतं. ठरलेली मजुरी, वेळेवर झालेला पंचनामा, पीकविम्याची रक्कम या गोष्टी म्हणजे फलाशा नव्हेत. तो हक्क आहे, आणि तो मागणं हेही कर्तव्यकर्मच. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारची दुष्काळसंहिता 'केसरी'तून लोकांना समजावून सांगणारे, आणि पीक बुडालं असेल तर सारा माफ वा तहकूब करून मागा, घाबरू नका, असं शेतकऱ्यांना बजावणारे टिळकच होते.