बायका फेटा बांधून शिकारीला निघतात

झारखंडमधल्या उरांव आदिवासींच्या गावांत दर बारा वर्षांनी पुरुष घरी बसतात आणि बायका धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून, हातात तिरकमठे नि लाठ्या घेऊन बाहेर पडतात. ही ‘जनी शिकार’. रानात आता सावज फारसं उरलेलं नाही, असलं तरी कायदा आडवा येतो. त्यामुळे बळी जातात ते शेजारच्या गावातले बोकड आणि कोंबड्या. मालकानं कुरकुर करायची नाही, असा रिवाज.

उरांव स्वतःला कुडुख म्हणवतात. त्यांची कुडुख भाषा द्रविड कुळातली, म्हणजे तमिळ-कन्नडची लांबची बहीण. २०११च्या जनगणनेत तिचे भाषक २० लाखांच्या आसपास होते.

शिकारीमागे एक कथा आहे. कुडुखांचं राज्य तेव्हा आजच्या बिहारमध्ये, सोन नदीकाठच्या रोहतासगडावर होतं. सरहुल सणाच्या रात्री पुरुष हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, पिऊन पडलेले असताना शत्रू चालून आला. तेव्हा सिनगी दई आणि कैली दई यांनी बायकांना पुरुषी वेश चढवून तटावर उभं केलं. तीनदा शत्रू परतवला. पुढे भेद फुटला तो एका साध्या सवयीनं. नदीवर तोंड धुताना त्या दोन्ही हातांनी पाणी घेत होत्या, पुरुष एकाच हातानं घेतात. गड पडला, पण तीन विजयांची खूण म्हणून बायका कपाळावर तीन रेघा गोंदवू लागल्या.

शत्रू कोण, यावर कथा सांगणाऱ्यांचंच एकमत नाही. कुणी तुर्क म्हणतं, कुणी चेरो जमात. इतिहास म्हणून ती जशीच्या तशी घेऊ नये. मात्र तिचा शेवट सहज झटकून टाकता येत नाही. गड सोडल्यावर एक शाखा राजमहालच्या डोंगरात गेली नि दुसरी छोटा नागपूरच्या पठारावर, असं ती सांगते. आणि कुडुखला सर्वांत जवळची भाषा, माल्तो, बोलली जाते ती नेमकी राजमहालच्याच डोंगरात.

ज्या सणानं घात केला तो काही कुडुखांनी टाकला नाही. त्यांच्या भाषेत सरहुल म्हणजे खद्दी, धरती आणि सूर्याचं लग्न. रांचीत तो चैत्र शुद्ध तृतीयेला, आपल्या पाडव्यानंतर दोन दिवसांनी येतो. पूजा होते ती सरनात, म्हणजे सालवृक्षांच्या देवराईत. तिथे पाहन, म्हणजे गावचा पुजारी, आदल्या संध्याकाळी नव्या घड्यांत पाणी भरून ठेवतो. सकाळी पाणी किती उतरलं ते पाहून तो यंदाचा पाऊस सांगतो. मग घरोघर सालाची फुलं वाटतो. बायका ती केसांत माळतात, पुरुष कानावर खोचतात. रात्री आखाड्यात, म्हणजे गावच्या नाचाच्या जागी, मांदर ढोल घुमतो आणि हंडियाही असतेच. रोहतासगडाला उरांव आजही यात्रेला जातात.